शाल, टाळ्या आणि गारुडी

पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की तुकोबांची बदली वनखात्यात होते. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' ही ओळ फ्लेक्सवर चढते, खाली रोप हातात धरलेल्या मान्यवरांचे फोटो लागतात, आणि पुढच्या ओळींची कुणाला गरज पडत नाही. आमचं इंदूर यात मागे कसं राहील? 2024 च्या जुलैत रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांच्या वर रोपं लावून शहराने विक्रम केला, तेव्हा इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही तुकोबाच फिरत होते. रोपं लावली ते उत्तमच झालं. पण त्या अभंगात तुकोबा कुणाला झाड लावायला सांगत नाहीत. 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' असं म्हणत ते आकाशाचा मंडप करतात, पृथ्वीचं आसन करतात आणि शेवटी 'आपुलाचि वाद आपणांसी' इथे येऊन पोचतात. माणसांची वर्दळ टाळून स्वतःशीच वाद घालायला रानात गेलेल्या माणसाचा हा अभंग आहे. फ्लेक्सवर मात्र ती ओळ पंधरा जणांच्या गर्दीच्या डोक्यावर असते.

ही फक्त फ्लेक्स छापणाऱ्याची हौस असती तर सोडून दिली असती. पण निसर्गाची कविता हातात आली की आपण सगळेच तिला दोनांपैकी एका कामाला जुंपतो: एक तर तिने संदेश द्यायचा, नाहीतर प्रतीक व्हायचं. झाड म्हटलं की पर्यावरण, बी म्हटलं की आत्मा, नदी म्हटली की जीवनप्रवाह. या पाट्या लावायची इतकी घाई असते की झाड, बी आणि नदी पाहायची राहूनच जातात. माझं म्हणणं साधं आहे. निसर्गाच्या आणि सृष्टीच्या कवितेतली प्रतिमा आधी डोळ्यांनी पाहायची असते. ती नीट दिसली तर अर्थ मागून येतो, आणि कधीकधी आपण लावणार होतो त्याच्या अगदी उलट येतो. तेव्हा मुलांना 'हे कशाचं प्रतीक आहे?' हा पहिला प्रश्न विचारणं आपण बंद करावं.

'आपण' म्हणजे इथे आधी आम्ही इंदूरवाले. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं भरवलेलं हे शहर. रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत मराठी घरं आहेत, गणपतीत स्पर्धांचा सुकाळ आहे. पण आमची बहुतेक मुलं शिकतात हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात. मराठी कविता त्यांच्या वाट्याला येते ती मंडळांच्या पाठांतर स्पर्धेत नाहीतर सुट्टीतल्या संस्कार वर्गात. म्हणजे महाराष्ट्रात जे काम पाठ्यपुस्तक करतं, ते इथे आमचे निवेदक, परीक्षक आणि हौशी मावश्या-काका करतात. आणि आम्ही शिकवतो तसंच, जसं आम्ही स्वतः गाईडातून शिकलो.

महाराष्ट्रात तरी वेगळं काय चाललंय म्हणा. दहावीच्या मराठीत रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे ठरलेले, आणि प्रत्येकात काय भरायचं ते क्लासवाले पाठ करून घेतात. बालकवींची 'औदुंबर' आठवा. अवघ्या आठ ओळी. हिरवाळी, निळासावळा झरा, चार घरांचं गाव, पांढरी पायवाट, काळा डोह, आणि 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. पिढ्यान्‌पिढ्या आपण हिचं उत्तर घोकत आलो: पायवाट म्हणजे आयुष्य, डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण हे उत्तर पाठ असलेल्या किती जणांनी डोळे मिटून ती पायवाट कुठून कुठे जाते ते पाहिलंय? ती टेकडीकडच्या गावापुढच्या शेतमळ्यांतून निघते, अडवीतिडवी पडते, कुरण ओलांडते आणि मग डोहाशी येते. नजर लांबून जवळ येते, रंग उजळ असतात ते गडद होत जातात, आणि सगळं हलत असताना एकजण फक्त बसलेला असतो. ज्याला हे दिसलं त्याला मृत्यू सांगावा लागत नाही. आणि ज्याला 'डोह म्हणजे मृत्यू' हे आधीच सांगितलं, तो पुन्हा त्या कवितेत जायच्या भानगडीत पडत नाही. उत्तर मिळालं, विषय संपला.

मला खरं बोलायचंय ते बहिणाबाईंच्या 'देव अजब गारोडी' या कवितेबद्दल. ही आमच्या स्पर्धांतली लाडकी कविता आहे. सोपी, तालावर म्हणता येणारी, हातवाऱ्यांना भरपूर वाव असलेली. शिवाय आमच्या इंदुरी पोरांना 'ळ' तसाही जड जातो, त्यामुळे टाळ्यांऐवजी 'टाया वाजवती पानं' म्हणताना ती आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक ठरतात! बहिणाबाई 1880 मध्ये असोद्याला जन्मल्या, जळगावात नांदल्या, 1951 मध्ये गेल्या. अक्षरओळख नव्हती, जात्यावर आणि शेतात त्या गाणी म्हणत, घरातल्यांनी ती टिपून ठेवली, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे ती 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आली. इंदुराहून खंडवा-बऱ्हाणपूर करत खाली उतरलं की त्यांचाच मुलूख लागतो. बऱ्हाणपूरकडच्या आजीचा नातू असेल तर त्याला ही भाषा घरचीच वाटते.

या कवितेचं प्रचलित रसग्रहण असं: धरित्री ही माता, बी हे तिचं लेकरू, पानं म्हणजे भक्त, देव हा सृष्टीचा कर्ता, आणि संदेश श्रद्धेचा. एका स्पर्धेत निवेदकाने तर 'पर्यावरण रक्षणाचा संदेश देणारी कविता' अशीच ओळख करून दिली होती, आणि मुलीनेही शेवटचं कडवं हात जोडून, डोळे मिटून म्हटलं. बक्षीसही तिलाच मिळालं.

आता हीच कविता आषाढात, शेताच्या बांधावर उभं राहून वाचू. माळव्यात ती सोय आहे. इंदुराच्या बाहेर सिमरोळ घ्या, सांवेर घ्या, कुठल्याही बाजूला निघा, जूनच्या अखेरीपासून सोयाबीनच सोयाबीन. चार इंच पाऊस पडून जमीन नीट भिजल्याशिवाय पेरू नका, असं इथले जाणते सांगतात. पेरल्यावर पाच-सात दिवसांत उगवण दिसते. पण कोंब सरळ वर येत नाही. आधी काळ्या मातीला बारीक तडा जातो, ढेकळाचा तुकडा किंचित उचलला जातो आणि खालून एक वाकलेली मान दिसते. डोकं अजून मातीतच असतं. मानच माती ढकलत असते. मग ती मान सरळ होते आणि आपल्याबरोबर दोन जाड, पिवळट डाळिंब्या, म्हणजे बियाच्याच दोन फाका, ओढून वर आणते. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. ऊन लागलं की हिरव्या होतात आणि हळूहळू उघडतात. पेरल्यावर मोठा पाऊस होऊन लगेच कडक ऊन पडलं की जमीन पापडी धरते, आणि मग ही मान आतल्या आत मोडते. शेतकऱ्याचा जीव त्या दिवसांत तिथे अडकलेला असतो.

हे पाहून झालं की बहिणाबाईंकडे या. 'बीय टरारे भुईत, सर्वे कोंब आले वर्‍हे, गह्यरलं शेत जसं अंगावरतीं शहारे'. शेताला शहारे आले, हे आपण आजवर भावनेचं वर्णन समजत होतो. उकिडवं बसून, नजर जमिनीच्या पातळीला आणून उगवतं शेत पाहिलं तर हजारो लहान लहान उंचवटे एकाच वेळी उठलेले दिसतात. अंगावर काटा येतो तेव्हा कातडीवर नेमकं हेच होतं. बाईंनी जे पाहिलं तेच सांगितलंय. पुढे: 'एका एका कोंबांतून पर्गटले दोन पानं, जसे हात जोडीसन'. दोनच पानं, आणि जोडलेली. कुठलं पीक ते कवितेत नाही, पण या दोन पानांनी ज्वारी आणि गहू बाद होतात, कारण ते एकाच गुंडाळलेल्या सुईसारख्या पात्याने वर येतात. तूर आणि हरभराही बाद, कारण त्यांच्या डाळिंब्या मातीखालीच राहतात. उरतात कपाशी, मूग, उडीद अशी खानदेशातली पिकं. जोडलेले हात ही कवयित्रीची भाविक कल्पना म्हणून आपण पुढे सरकतो. ती तर उगवणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची नोंद आहे. आणि त्यानंतरच्या कडव्यात काय होतं? 'टाया वाजवती पानं'. आधी हात जोडलेले, मग उघडलेले, मग वाऱ्याने हलणारे. क्रम बदलून पाहा, जमत नाही. कविता रोपाबरोबर वाढते.

माझा प्रतीकवाल्यांशी वाद आहे तो इथे. 'पानं म्हणजे भक्त' हे उत्तर पहिल्याच फटक्यात सांगितलं की हा सगळा क्रम नाहीसा होतो. मूल भक्त ऐकतं आणि त्याला देवळातली माणसं दिसतात. रोप दिसत नाही.

या शहराला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. 1924 मध्ये इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, मूत्र झिरपलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते दोन-तीनदा खालीवर करून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. 1931 मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' हे नाव जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत गेलं. स्वच्छतेच्या पहिल्या नंबरची आम्ही इतकी मिजास करतो, पण कचऱ्यापासून माती करणारे वाड कोण, हे इथल्या दहा मराठी माणसांना विचारून बघा. असो. मुद्दा असा की त्याच काळात, तापीकाठच्या मुलखात एक निरक्षर बाई आणि इंदुरात शास्त्रज्ञ मातीकडेच टक लावून बसले होते. कुजणं आणि उगवणं या एकाच रहाटाच्या दोन बाजू आहेत, हे दोन्हीकडे कळत होतं. बहिणाबाईंची प्रतिमा भाबडी आणि शास्त्र डोळस, अशी वाटणी करणाऱ्यांनी दोन्हीपैकी काहीच नीट पाहिलेलं नसतं.

आता गारुडी. कवितेची शेवटची ओळ 'देव अजब गारोडी'. स्पर्धेतल्या त्या मुलीने हात जोडून म्हटलेली ती हीच. सृष्टीच्या कर्त्याला आपल्याकडे कुंभार म्हटलंय, सूत्रधार म्हटलंय, आईबाप तर म्हटलंयच. बहिणाबाई त्याला बाजारच्या दिवशी चौकात खेळ मांडणाऱ्या माणसाच्या पंगतीला बसवतात. ही साधी गोष्ट नाही. गारुड्यापुढे कुणी हात जोडत नाही. लोक कोंडाळं करतात, तोंड उघडं टाकून बघतात, आतून पक्कं माहीत असतं की यात हातचलाखी आहे, ती कुठे आहे ते मात्र सापडत नाही, आणि म्हणून टाळ्या वाजवतात.

टाळ्या! त्या तर दोन कडवी आधीच वाजून गेल्यात. पानं देवाच्या भजनात दंग होऊन टाळ्या वाजवतात असं आपण वाचलं. शेवटच्या ओळीनंतर मागे वळून पाहिलं तर त्या खेळ बघणाऱ्यांच्याही टाळ्या आहेत. आणि पहिलं कडवं? 'वर्‍हे पसरली माती, जशी शाल पांघरली'. आपण म्हणतो, आईने लेकराला पांघरूण घातलं. घातलंच आहे, 'निजली' हा शब्दही तिथेच आहे. पण आपल्या गारुड्यांचा एक जुना खेळ होता. मुघल काळापासून परदेशी प्रवाशांनी त्याची वर्णनं लिहून ठेवली आहेत. गारुडी आंब्याची कोय मातीत पुरतो, पाणी शिंपडतो, वर कापड टाकतो. बडबड, वाद्य, आणखी बडबड. कापड उचलतो तर कोंब. पुन्हा झाकतो, पुन्हा उचलतो, तर हातभर रोप. शेवटी पानापानांत आंबा. बी, माती, वरून पांघरलेलं वस्त्र, एकेका टप्प्याने वाढणारं रोप, टाळ्या, आणि शेवटी खेळ करणारा. सहा कडव्यांत हा पूर्ण खेळ मांडलेला आहे. फरक एवढाच की गारुड्याला अर्धा तास लागतो आणि देव पावसाळाभर घेतो. 'दैव गेलं रे उघडी' या ओळीत ते कापड शेवटचं उचललं जातं, आणि गाड्या भरभरून दाणे दिसतात.

बहिणाबाईंनी तो खेळ डोळ्यांपुढे ठेवूनच हे रचलं, असा माझा दावा नाही. एवढंच म्हणतो की शाल ही आधी शाल म्हणून दिसली, टाळ्या टाळ्या म्हणून ऐकू आल्या, तरच हा धागा हाताला लागतो. 'माती म्हणजे माता' इथेच जो थांबला त्याला गारुडी ही शेवटची एक गंमत वाटते, आणि मग भाविकपणा जपायला तो तिथे हात जोडतो. या कवितेत श्रद्धा आहेच. पण ती टाळी वाजवणारी, थोडी खट्याळ, देवाची चलाखी पकडायला बघणारी आणि न पकडता आल्याने खूश होणारी श्रद्धा आहे. ती मुलांपर्यंत का पोचू नये? ज्या घरात देव मानत नाहीत, त्या घरातलं मूलही या देवाला टाळी देईल.

सृष्टी कशी झाली याबद्दल आपल्याकडची सर्वांत जुनी मोठी कविता नासदीय सूक्त. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129 वं सूक्त, सातच ऋचा. तिथेही सुरुवातीला काहीतरी झाकलेलंच आहे: 'तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे', अंधाराने झाकलेला अंधार. आणि शेवट तर धाडसाचाच: वर परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा नसेलही. तो कवी कर्त्याच्या ज्ञानावरच शंका घेतो, बहिणाबाई कर्त्याला गारुडी म्हणतात. दोघेही खुलासा देत नाहीत. आणि आपण मात्र आठवीतल्या पोराकडून पाच गुणांत खुलासा मागतो.

यावर आक्षेप येईल की प्रतीकं शिकवलीच नाहीत तर मुलांना ज्ञानेश्वरी कशी कळणार? पंधराव्या अध्यायातला मुळं वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ शेतात नेऊन दाखवणार का? आक्षेप रास्त आहे. पण तिथे संसारवृक्ष हे रूपक स्वतः ग्रंथच मांडतो आणि ज्ञानदेव ते पान-पान करून उलगडतात. कवीने हातात दिलेली किल्ली जरूर वापरावी. माझी तक्रार आपण बाजारातून आणलेल्या किल्ल्यांबद्दल आहे. आणि उलटा वृक्षसुद्धा त्यालाच भिववतो ज्याने सुलटा पिंपळ कधी मान वर करून पाहिलाय.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे: फ्लॅटमधल्या मुलांना शेत कुठून दाखवायचं? बायपास ओलांडला की शेत आहे, हे एक. आणि ते जमत नसेल तर मूठभर मूग आणि एक कुंडी. आपल्याकडे मोड आणायला मूग घराघरांत भिजतात, त्यातलेच चार मातीत टाका. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मुलांना एवढंच काम द्यावं आणि कविता मागून द्यावी. अशा कवितांची स्पर्धा डिसेंबरात का घेतो आपण, हेही मला कोडं आहे. हॉल स्वस्त मिळतो म्हणून असेल. आषाढात घ्या. परीक्षकांच्या तक्त्यात हावभाव आणि पाठांतर असतंच, त्यातले थोडे गुण काढून एका प्रश्नाला ठेवा: यातलं तू स्वतः काय पाहिलंस? 'शहारे मला दिसले नाहीत' असं कुणी म्हणालं तरी त्याला गुण द्यावेत. त्याने निदान बघितलं तरी होतं.

आणि हो, मला पकडायची जागाही आहे. कुणी म्हणेल, तुम्हीच तर शालीत गारुड्याचं कापड शोधलंत, मग हेही प्रतीकच की. असेल. पण माझं वाचन मोडायचं असेल तर त्या चोवीस ओळींतच येऊन मोडावं लागेल. कुणी दाखवून द्यावं की गारुडी म्हटल्यावर त्या मुलखात लोकांच्या डोळ्यांपुढे आधी सापवालाच येतो, टोपलीचं झाकण उघडतं, फणा वर येतो, आणि वाकलेल्या मानेने वर येणारा कोंब तर फण्याच्या जास्त जवळचा. हे वाचन माझ्याहून सरस ठरू शकतं. मग शालीचं काय करायचं, ते मात्र त्या माणसाला सांगावं लागेल.